गॅस बंद होईना

पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं, गॅस बंद होत नव्हता आणि झोळीत पोर नव्हती. मी झोळीची साडी दोन्ही हातांनी फाकवून आत बघितलं, तर आत काही म्हणजे काहीच नाही, दुपटं नाही, उशी नाही, नुसता काळा अंधार. बाहेर पाऊस कोसळतोय, उंबऱ्यावरून पाणी आत येतंय, पातेली तरंगत इकडून तिकडं चाललीत, आणि मी आपली ओरडतेय, चिनू, ए चिनू, कुठं गेलीस गं. चारी कोपरे बघितले. कपाटाच्या मागं बघितलं. दोरीवर तिच्याच मापाचा पिवळा फ्रॉक वाळत घातलेला, तो बाजूला सारून त्याच्यामागं पण बघितलं.

आता आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पण घाबराल. पाणी खरं नव्हतं. घर पण खरं नव्हतं. मी चेन्नईत, नंदंबाक्कमच्या एका भल्यामोठ्या हॉलमध्ये, गार एसीत, रबराच्या चटईवर अनवाणी उभी होते. डोळ्यांवर डबा बांधलेला, कानांवर झाकणं, दोन्ही हातांत एकेक दांडकं, आणि मागं रांगेत शिंगवाले, पंखवाले, तलवारवाले असे वीस-पंचवीस लोक माझी मजा बघत उभे. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे डबा बांधायच्या आधी माहीत होतं. बांधल्यावर पाच मिनिटांत विसरले.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. नववी नापास, त्यात गणित आणि इंग्रजी दोन्ही, मग पुढच्या वर्षी लग्नाचंच बघायला लागले घरचे. चिनूचे पप्पा ओरगडमच्या कारखान्यात ट्रकचे दरवाजे बसवायचे, अजून पण तेच करतात. आम्ही तांबरममध्ये वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. पहाटे खालच्या अंगणात पाण्याचा सडा पडायचा, फटाक् फटाक् असा आवाज, की मी उठायचे. मग कंपनीच्या बसचा भोंगा, मग दूधवाल्याची सायकल, मग डोक्यावरनं विमान जायचं आणि भांड्यांच्या मांडणीतले चमचे थरथरायचे. मला वाटायचं, रोज हे विमान आपल्याच गच्चीवर उतरणार आहे. ह्यांनी बस पकडली की दिवसभर मी आणि चिनू, दाराला आतून कडी.

कारण मला सगळ्याचीच भीती वाटायची. खोटं कशाला सांगू. पालीची, लिफ्टची, कुकरची तिसरी शिट्टी उशिरा झाली तर त्याची, दारावरची बेल वाजली की तमिळमध्ये काय बोलायचं ह्याची. भाजीवाली खालून ओरडायची तर मी खिडकीतनं दोन बोटं दाखवायचे, ती दोन किलो कांदे टोपलीत घालायची, मला पाहिजे असायचे दोन कांदे. मी काही न बोलता वर ओढून घ्यायचे. आठवडाभर आमच्याकडं कांद्याचं पिठलं, कांद्याची भजी, कांद्याची चटणी. हे जेवताना म्हणायचे, तू तमिळ शिक गं बाई, स्वस्त पडेल.

खाली घरमालकीण राहायची. सगळे तिला मामी म्हणायचे, आम्ही पण. शाळेतनं रिटायर झालेली, पांढरे केस, कानात हिऱ्याच्या कुड्या. तंजावरकडची, पण मराठीच. पहिल्या दिवशी ती माझ्याशी मराठीत बोलली तेव्हा मला रडूच आलं, आणि मग अर्धं कळेना म्हणून परत रडू आलं. तिची मराठी म्हणजे कुणीतरी फार जुन्या पेटीतनं काढून ऊन दिल्यासारखी, आणि चाल सगळी तमिळ. ती डांगर पच्चडी करायची, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी, वाटीभर वर पाठवायची. मी ज्वारीची भाकरी करून खाली द्यायचे. ज्वारीला इथं चोळम म्हणतात हे पण तिनंच शिकवलं. विमान गेलं, कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, मी किंचाळले की ती जिन्याखालनं हाक मारायची, "काय गे, भ्यालीस?" आणि मग पुढचं तमिळमध्ये, "बयप्पडादे, बयप्पडादे." म्हणजे घाबरू नको. दिवसातनं दहा वेळा तरी. घाबरल्या माणसाशी बोलायचं म्हटलं की तिच्या तोंडून तमिळच यायचं. शाळेतल्या पोरांना पण तेच म्हणायची, असं सांगायची.

ह्या सगळ्यात खरी भीती एकच होती, बाकीच्या नुसत्या सवयीच्या. चिनू पावणेतीन वर्षांची झाली होती आणि एक शब्द बोलत नव्हती. सगळं कळायचं तिला. चप्पल आण म्हटलं की आणायची, मामीचा चष्मा शोधून द्यायची, हसायची, नाचायची. डॉक्टरांनी कान तपासले, म्हणाले कान चांगले आहेत, पोर हुशार आहे, बोलेल, वाट बघा. पण रोज संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला गावाकडनं सासूबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न तोच, "बोलली का गं?" मी म्हणायचे, अजून नाही. मग त्या गप्प, मी गप्प, चिनू तेवढी फोनला जीभ दाखवायची. त्यांचं म्हणणं असं, की घरात मराठी, दारात तमिळ, टीव्हीवर हिंदी, पोरीच्या डोक्यात नुसता काला झालाय. आणि दुसरं, ते त्या ह्यांना म्हणायच्या पण मला ऐकू येईल असं, की आई अशी भेदरलेली, तर पोर तोंड उघडणार कसं. शेवटी त्यांनी ठरवलं. मंगळवारी सासूबाई आणि मामंजी गाडीनं येणार, आणि जाताना चिनूला घेऊन जाणार. वर्षभर गावाकडं ठेवायची, कानावर नुसती मराठी पडू द्यायची. येताना दोघं, जाताना तिघं. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, आई काय वाईटासाठी म्हणते का, सहा महिने बघू. मी काही बोलले नाही. नववी नापास झाले तेव्हा पण मी काही बोलले नव्हते.

तर मंगळवारच्या आधीचा रविवार होता. मामीची नात रंजनी शोळिंगनल्लूरला कंपनीत कामाला, गेम बनवायची. एवढी शिकलेली पोरगी दिवसभर गेम बनवते ह्याचं मला फार नवल वाटायचं. ती शनिवारी वर आली आणि म्हणाली, अक्का, उद्या नंदंबाक्कमला आमची जत्रा आहे, नवीन नवीन गेम आणि मशिनी ठेवतात, लोक येऊन खेळून बघतात. आमचा पण एक गेम आहे, तू येऊन खेळ. मी म्हटलं, मी तर मोबाईलवर पण कधी खेळले नाही. ती म्हणाली, म्हणून तर तूच पाहिजेस. खेळणारे सगळे येणारच आहेत, मला कधीच न खेळलेलं माणूस कुठं मिळत नाही. मग तिनं नियम सांगितला. ती खेळताना मला काहीच सांगणार नाही. अडलं तरी नाही, चुकलं तरी नाही, शेजारी उभी राहून नुसतं लिहून घेणार. मी विचारलं, आणि मी नापास झाले तर?

"तू नापास होत नाहीस, अक्का. तू अडलीस तर गेम नापास."

हे मी तीनदा विचारून घेतलं. असली परीक्षा मी जन्मात ऐकली नव्हती.

तिनं असं पण सांगितलं होतं की तिथं सगळे नटून येतात. मग मी पण नटले. हिरवी काठपदराची साडी, नथ, दोन्ही हात भरून बांगड्या, केसांत मल्लिपूची, म्हणजे मोगऱ्याची, गच्च वेणी. चिनूच्या गालाला काजळाची तीट. हॉलमध्ये शिरलो तर नटणं म्हणजे काय ते कळलं. एकाला निळी कातडी आणि शिंगं, एकीला शेपूट, एक पोरगी डोक्यावर केवढं तरी पांढरं केसाळ काहीतरी घालून आलेली, आणि आवाज तर असा की पन्नास पिठाच्या गिरण्या एकदम चालू केल्यात. मी ह्यांचं कोपर सोडलंच नाही. शेपूटवाली आमच्याकडं आली, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, फोटो मागितला आणि ह्यांना इंग्रजीत विचारलं की ही कोण आहे, कुठल्या गेममधली. हे म्हणाले, चिनूची आई. तिनं अगदी मन लावून ते फोनमध्ये लिहून घेतलं.

मग आम्ही फिरलो. एका ठिकाणी गाडी चालवायचं मशीन होतं, खरी सीट, खरं चाक, समोर केवढा पडदा. हे लगेच बसले. रोज शंभर दरवाजे बसवणारा माणूस, पण गाडी चालवता येत नाही, जातात बसनं. पहिल्याच वळणाला गाडी समुद्रात. परत दिली, परत समुद्रात. बाहेर आले तेव्हा म्हणाले, दरवाजा नीट बसवलेला नाही त्या गाडीचा, फट दिसत होती. दुसरीकडं नवीन आलेलं मशीन टीव्हीला लावून ठेवलेलं, त्यात दोघं मारामारी करतात. माझ्या हातात बटणांचं ते दिलं. मी डोळे मिटून सगळी बटणं एकदम दाबत सुटले, शेंगदाण्याचा कूट करताना खलबत्त्यात हात चालतो तसा, आणि शेजारचा चष्मेवाला पोरगा हरला. तो मला नमस्कार करून गेला. चिनू टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो.

त्याच गुर्मीत मी रंजनीच्या चटईवर गेले. चप्पल काढली, कारण समोरच्या पडद्यावर घराचा उंबरा दिसत होता. रंजनीनं वहीत काहीतरी लिहिलं. डोळ्यांवर डबा चढवला, हातात दांडकी दिली, आणि एकदम मी एका घरात. इतकं घरासारखं घर. खिडकी, मांडणी, शेगडी, छताच्या कडीला साडीची झोळी टांगलेली. हलके हलके झुलत होती. मग पाऊस, मग पाणी. गेम असा, की पाणी चढायच्या आत हाताला येईल ते घेऊन जिन्यानं वर जायचं, दोनच हात, दोनच वस्तू. लोक म्हणे कुणी लॅपटॉप घ्यायचे, कुणी फोटो घ्यायचे. मी बघितलं तर शेगडी चालू. आता तुम्हीच सांगा, गॅस चालू ठेवून कुणी घर सोडतं का. मी आधी गॅस बंद करायला गेले. बटण फिरेना. त्यांनी ते बटण नुसतं दिसायला बनवलेलं, ते फिरवायचं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. मी फिरवतेय, फिरवतेय, पाणी घोट्यावर. रंजनीला ओरडून विचारलं, अगं सिलिंडर कुठं आहे, खालनंच बंद करते. रंजनी गप्प. नियम होता ना तिचा. बाहेर पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं, सगळे हसत होते, हे मला नंतर कळलं. कानांवर झाकणं असल्यामुळं मला नुसता पाऊस.

आणि मग मी झोळी उघडली.

ती पण त्यांनी शोभेलाच टांगली होती, आत काही बनवलंच नव्हतं. पण मला त्या वेळी रंजनी नाही, हॉल नाही, काही आठवेना. एवढंच डोक्यात, की पाणी आलंय आणि माझी पोर जागेवर नाही, मी गॅसच्या मागं लागले आणि पोर गेली. सासूबाईंचा चेहरा दिसला मला तिथं, त्या पाण्यात. मी चिनू चिनू करून ओरडत फिरायला लागले, बांगड्या कशावर तरी आपटून फुटल्या. रंजनी नंतर म्हणाली, ती नियम मोडून मला थांबवायला पुढं आलीच होती. हे पण चटईभोवतीची दोरी ओलांडत होते. पण त्यांच्या आधी कुणीतरी दोरीखालनं वाकून आत आलं होतं.

माझ्या निऱ्या कुणीतरी खाली ओढल्या. मी खाली बघितलं, खाली नुसतं पाणी. परत ओढल्या. मी एका कानावरचं झाकण सरकवलं. आणि पावसाच्या त्या आवाजातनं, अगदी गुडघ्याजवळनं, बारीक पण ठणठणीत आवाज आला.

"बयप्पडादे."

मी तशीच उभी. परत तेच, आणि पुढं अजून एक शब्द. "बयप्पडादे, अम्मा."

डबा मी डोळ्यांवरनं कसा काढला मला माहीत नाही. चिनू माझ्या निऱ्या मुठीत धरून वर बघत होती, गालावरची तीट हनुवटीपर्यंत पसरलेली, आणि चेहरा असा की ही बाई रोजच असं करते, काय करायचं हिचं. मी खाली बसले आणि तिला धरून रडले. शेपूटवाली पण रडली, का ते तिचं तिला माहीत. हे नुसते म्हणत राहिले, बोलली, अगं बोलली, पोरगी बोलली. फक्त रंजनी वहीत लिहीत होती आणि डोळे पुसत होती.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. ह्यांनी मला पाणी पाजलं, चिनूला मुरुक्कू दिलं, म्हणजे इथली चकली. अंधारून आलं होतं, आणि नेमका फोन वाजला. सासूबाई. मी उचलला, तर माझ्यामागनं निळा राक्षस कॉफी पीत चालला होता. त्या म्हणाल्या, कुठं हाईस गं, आन् ते शिंगवालं कोण. मी म्हटलं, जत्रेत आलोय. मग नेहमीचा प्रश्न.

"बोलली का गं?"

"बोलली," मी म्हटलं.

 मागं मामंजी टीव्ही बघत होते, त्यांनी तो बंद केला ते ऐकू आलं. मग सासूबाईंनी हळूच विचारलं, "काय बोलली?"

आता बघा. मी तमिळ शब्द सांगितला असता तर झालंच. त्यांचंच म्हणणं खरं ठरलं असतं, की पोरीची भाषा हातची गेली, आजच्या आज गावाकडं आणा. आणि तो शब्द तरी कसा, तर आईला घाबरू नको म्हणून सांगणारा. म्हणजे दुसरं म्हणणं पण खरं. हे माझ्याकडं बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई म्हणाली."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. ती बाई चुलीवर हात भाजला तरी हूं का चूं करायची नाही, आणि आता खांदे हलत होते. चिनूनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला, तोंडातलं मुरुक्कू काढलं, स्क्रीनवर नाक टेकवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बयप्पडादे."

सासूबाई थांबल्या. "हे काय गं बोलली? ही मराठी न्हाय."

"तमिळ आहे," मी म्हटलं. "घाबरू नको म्हणाली."

"कुणाला?"

"तुम्हाला."

त्यांनी फोन जवळ धरून चिनूकडं बघितलं. मग डोळे पुसत मामंजींना म्हणाल्या, "आवं ऐकलं का, पोर मला धीर देतीया." आणि हसल्या. त्या क्षणी मी खरं सांगू शकले असते. तमिळवर त्या चिडल्या नव्हत्या, उलट हसत होत्या. आता सांगू, आता सांगू असं करत राहिले, तोवर त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा आई म्हणली ना, मग बास. आई म्हणणारं पोर आईपासनं तोडून कसं आणायचं." फोन ठेवला.

मंगळवारी दोघं आली. आठ दिवस राहिली. सासूबाई आणि मामी रोज अंगणात बसून एकमेकींची मराठी दुरुस्त करायच्या, दोघींना पण वाटायचं दुसरीला येत नाही. जाताना दोघंच गेली. गावात सासूबाईंनी पेढे वाटले, नातीचा पहिला शब्द आई म्हणून. अजून कुणी पाहुणा आला की सांगतात. रंजनीच्या गेममध्ये आता गॅस बंद होतो, आणि झोळीत एक मांजर झोपलेलं असतं, ते पण वर नेता येतं.

मी आता एका पालीलाच तेवढी घाबरते. भाजीवालीशी तमिळमध्ये भांडते. पण ती एक गोष्ट तशीच राहिली. चिनू आता तिसरीत आहे, तोंड मिटत नाही तिचं. मागच्या आठवड्यात शाळेतनं कागद आला, स्वतःबद्दल लिहायचा. त्यात एक ओळ होती, माझा पहिला शब्द. आत्ता तिनं आजीला फोन करून विचारलं आणि पेन्सिलीनं लिहिलं, आई. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, बरोबर ना. वरनं पेननं गिरवायच्या आधी मला विचारत होती, कारण पेननं लिहिलेलं खोडता येत नाही.

मी मान हलवली. ती गेली पेन आणायला. तिचा खरा पहिला शब्द माझ्यासाठीच होता, आणि तो मीच लपवला. सांगितला तर आजी पेढ्यांसकट खोटी पडते, नाही सांगितला तर पोरीला कधीच कळणार नाही की पाणी चढलेल्या घरातनं तिनं एकटीनं मला बाहेर काढलं होतं. ती पेन घेऊन येतेय, मला पावलं ऐकू येतायत. तुम्ही असता तर काय केलं असतं?